दोनदा तुटलेला चर

लोकांना नावं ठेवायची आमच्या घराला जुनीच सवय. आजी शेजाऱ्यांना ठेवायची, आई आजीला ठेवायची, ताई मला ठेवते. त्याचा पगार घेणारा मी घराण्यातला पहिलाच. मी मेंदूच्या घड्यांना नावं ठेवतो.

म्हणजे एका संशोधन संस्थेत बसून संगणकावर माणसांचे मेंदू उघडतो. मशीनमध्ये झोपवून काढलेले फोटो असतात ते. खरा मेंदू आमच्याकडे कुणी आणून देत नाही, आणि काही लोकांकडे बघितलं तर मागायलाही संकोच वाटतो. कपाळामागचा भाग घ्यायचा, एकेक घडी शोधायची, तिला रंग द्यायचा, नाव चिकटवायचं. मेंदू म्हणजे मोठं पांघरूण लहान पिशवीत कोंबल्यासारखा प्रकार. फुगून वर आलेली ती घडी, आणि दोन घड्यांमधली आत गेलेली खाच म्हणजे चर. कपाळामागे बाहेरच्या अंगाला तीन आडव्या घड्या असतात. वरचीचं नाव वरची घडी. मधलीचं मधली. खालचीचं काय असेल ते तुम्ही ओळखलंच. डोळ्यांच्या वर, तळाला, एक घडी सरळ जाते. तिला सरळ घडी म्हणतात. ही बारशी ज्यांनी केली त्यांना त्या दिवशी लवकर घरी जायचं असणार.

पंचाईत अशी की पुस्तकातला मेंदू कुणाच्याच डोक्यात नसतो. कुणाची मधली घडी अर्ध्यातच दुभंगते. कुणाचा चर नीट चाललेला असताना मध्येच थांबतो, काहीतरी विसरल्यासारखा, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून प्रत्येक मेंदूला दोन जण वेगवेगळे बसून नावं ठेवतात आणि मग एकमेकांशी भांडतात. भांडण मिटलं नाही तर मॅडम येतात आणि दोघंही चुकलात म्हणून सांगतात.

माझ्याशी भांडायला नेमलेला माणूस म्हणजे पोपट. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं. बोलतो म्हणून पोपट. आधी तो इस्पितळात होता, आणि तिथली एक खोड घेऊन आला. इस्पितळात मेंदूचं चित्र पेशंट समोर उभा असल्यासारखं बघतात, त्यामुळे त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं. आम्ही मागून बघतो, गाडीत त्याच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं. उजवं ते उजवं. पोपटाने मात्र आपल्या संगणकावर चित्र उलटंच ठेवलंय. एरवी बिघडत नाही, कारण प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बाजू सांगणारं अक्षर असतं. पण नवीन मशीन आलं, आणि त्यातून निघणाऱ्या चित्रांवर अक्षरंच उमटेनात. ‘त्याला अजून अक्षरओळख नाही,’ असं पोपट म्हणाला होता, आणि तो विनोद माझ्या आधी त्याला सुचला याचं मला दोन दिवस वाईट वाटलं.

नियम दोन. एक, स्वतःचा मेंदू स्वतः उघडायचा नाही. पूर्वी एकाने उघडला होता. त्याला स्वतःच्या डोक्यात इतरांपेक्षा जास्त घड्या सापडल्या, त्यातल्या एकीला तो आपल्या आडनावाने हाक मारायला लागला, शेवटी त्याला हिशेबाच्या खात्यात हलवावं लागलं. दोन, मेंदूवर नाव नसतं, नंबर असतो. कुठला नंबर कुणाचा हे फक्त मॅडमना माहीत. ओळखलं तरी ओळख दाखवायची नाही. ज्याचं त्याला तर अजिबात सांगायचं नाही, मग ते चांगलं असो की वाईट.

आता तुम्ही म्हणाल, मेंदू कसा ओळखणार? शेजाऱ्याला पाठमोरा ओळखता तसाच. नवीन माणसाचा हात एखाद्या सहकाऱ्याच्या मेंदूवर बसवून घेतात. पोपट आणि मी एकाच वेळी लागलो, आणि माझा हात पोपटाच्या मेंदूवर बसला. पोपटाच्या आईला त्याचं तोंड जेवढं पाठ असेल, तेवढा मला तो आतून पाठ आहे. त्याच्या उजव्या बाजूला वरच्या आणि मधल्या घडीच्या मधला चर दोन ठिकाणी तुटतो, आणि तुटलेल्या जागी एक तिरपी, चिमुकली घडी आडवी पडलेली असते. गटारावर टाकलेल्या फळीसारखी. पुस्तकात तिला नाव नाही. मी तिला फळीच म्हणतो. अशी फळी मी दुसऱ्या कुणाच्या डोक्यात पाहिली नव्हती.

म्हणून त्या शुक्रवारी सकाळी नंबरवाला मेंदू उघडला आणि फळी दिसली तेव्हा मी हसलो. नवीन मशीनची चाचणी म्हणून आम्हा सगळ्यांना त्यात झोपवलं होतं, त्यातलाच हा. ‘या, पोपटराव,’ असं मी पुटपुटलो.

मग फळीच्या खाली, मधल्या घडीत, डाग दिसला.

वाटाण्याएवढा. आजूबाजूला सगळं कसं राखाडी, मऊ, आणि हा तिथे पांढरा, गोल, आमंत्रण नसताना आलेल्या पाहुण्यासारखा बसलेला. मी चित्र मोठं केलं. डागही मोठा झाला. लहान केलं. लहान झाला, पण गेला नाही. स्क्रीन पुसली. चष्मा पुसला. मी चष्मा वापरत नाही; तो मॅडमचा होता, टेबलावर राहिलेला.

आम्ही डॉक्टर नाही. डाग दिसला तर ‘काहीतरी दिसतंय’ एवढंच मॅडमना कळवायचं, त्या पुढे डॉक्टरांना दाखवतात. मी लगेच कळवलं. लगेच उत्तरही आलं: मॅडम परिषदेला गेल्या आहेत, सोमवारी भेटतील, तुमचा दिवस चांगला जावो. मशीनने पाठवलेलं उत्तर होतं ते.

सोमवारपर्यंत मी गप्प बसलो असतो, कदाचित. पण हाच मेंदू दुपारपर्यंत दुसऱ्या नाव ठेवणाऱ्याकडे जाणार होता, म्हणजे पोपटाकडे; मॅडम नसल्या की वाटप संगणक करतो, आणि कुठला नंबर कुणाचा हे त्याला ठाऊक नसतं. स्वतःचा मेंदू त्याने कधी पाहिलेला नव्हता. तो आपला भोळेपणाने उघडेल, डाग बघेल आणि मला हाक मारून म्हणेल, ‘अरे, बघ बघ, बिचारा कोण आहे हा?’ मग मी काय म्हणू? मला खोटं बोलता येतं, पण चेहरा साथ देत नाही. लहानपणी ताईच्या पेन्सिली मी चोरायचो आणि ओरडा बसायच्या आधीच रडायला लागायचो.

माझा उजवा पाय टेबलाखाली हलायला लागला. तो त्या दिवशी थांबलाच नाही.

पोपट पाण्याच्या मशीनपाशी उभा होता. उभा होता, आणि बोलत नव्हता. समोर झाडूवाल्या मावशी होत्या, त्यांना ऐकायला वेळ होता, तरी हा गप्प. पेला भरून वाहायला लागला आणि पाणी बुटात गेलं, तरी हा भिंतीकडे बघत होता.

कपाळामागच्या मेंदूचं काम काय, तर ठरवणं, आवरणं, भान ठेवणं. मधल्या घडीवर तर फारच भिस्त. 

तो परत आला आणि माझ्या टेबलावर केळं ठेवलं.

‘हे काय?’

‘केळं.’

‘ते दिसतंय. मला कशाला?’

‘खा. केळं चांगलं असतं.’ आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत या माणसाने मला स्टेपलर दिलं तर सही घेतली होती. ‘तू माझ्या खुर्चीवर बसतोस का? माझी पाठीला बरी आहे.’

त्या खुर्चीवरून आमचं भांडण मॅडमपर्यंत गेलेलं आहे. मी मनात नोंद केली: स्वभावात अचानक बदल.

‘नको, नको,’ मी म्हणालो. ‘तूच बस. आरामात बस. हवं तर पाय वर घेऊन बस.’

‘तू बस रे.’

‘तू बस ना.’

शेवटी दोघंही उभे राहिलो आणि ती खुर्ची मध्ये रिकामी फिरत राहिली.

मग माझी धावपळ सुरू झाली. पोपट संगणकाकडे वळला की मला काम आठवायचं. कपाट हलवू या म्हटलं. हलवलं. तिथे बरं नाही दिसत म्हटलं. परत आणलं. एकदा टेबलाखाली वाकून त्याच्या संगणकाची वायरच उपसली आणि ‘वीज गेली वाटतं’ म्हणालो. डोक्यावर पंखा फिरत होता, दिवे चालू होते. पोपट वर बघून म्हणाला, ‘हो, गेली वाटतं.’  हे तर भान सुटल्याचं धडधडीत लक्षण.

त्याचंही काहीतरी बिनसलेलं होतं. मी स्क्रीनकडे बघितलं की तो मध्ये यायचा. ‘चहा?’ म्हणायचा. नुकताच प्यालो म्हटलं तर ‘मग कॉफी?’ मी खुर्चीत टेकलो की ‘चल, जरा मोकळ्या हवेत.’ बाहेर पार्किंगमध्ये ट्रक उलटा येत होता, त्याच्या धुरात आम्ही मोकळी हवा खात उभे राहिलो.

‘बरं वाटतंय ना तुला?’ त्याने विचारलं.

‘मला? मस्त. तुला?’

‘एकदम फर्स्ट क्लास. डोकं वगैरे?’

‘डोकं जागेवर आहे. तुझं?’

‘माझं ठीक. तुझं ठीक ना पण?’

ट्रकवाला आमच्याकडे बघत होता. त्याला आमच्या दोघांच्याही डोक्याबद्दल शंका असावी.

‘एक सांगू?’ मी म्हणालो. वातावरण हलकं करावं म्हणून. ‘मेंदू मेंदूला म्हणाला, आपण भेटत का नाही? दुसरा म्हणाला, मध्ये भिंत आहे. कवटीची.’

यावर हसण्यासारखं काही नव्हतं हे मलाही मान्य आहे. पण पोपटाचे डोळे भरून आले. तो वळला आणि मागच्या टायरकडे बघत उभा राहिला. विनोदाला रडला. मी मनात आणखी एक नोंद केली, आणि ती खोडावी असं फार वाटलं.

सोमवारपर्यंत थांबणं अशक्य होतं. याला आज डॉक्टर दिसायला हवा. पण सांगणार कसं? नियम मोडला तर नोकरी जाते, ते एक वेळ चाललं असतं. नोकरी घालवायची मला सवय आहे. पण माझी चूक झाली असली तर? दुसऱ्या कुणाची फळी असली, आणि मी एका धडधाकट माणसाला ‘तुझ्या डोक्यात डाग आहे’ म्हणून सांगून बसलो तर? खात्री हवी होती, आणि ती देणारी बाई इमारतीत एकच होती. काकू.

काकू मशीन चालवतात. सगळ्यांच्याच काकू; त्यांचा खरा पुतण्या अख्ख्या इमारतीत कुणी नाही. कुणालाही मशीनमध्ये सरकवण्याआधी त्या त्याच्या उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची एक गोळी चिकटपट्टीने लावतात. तेलाची गोळी फोटोत लख्ख पांढरी दिसते. पुढे बाजूचा कितीही गोंधळ झाला तरी गोळी जिथे ते उजवं. काकूंची ही पद्धत मशीनवर अक्षरं यायच्या आधीपासूनची. नवीन मशीन विकणाऱ्याने ‘याची गरज नाही’ म्हणून सांगितलं, तेव्हा त्या ‘हो का?’ म्हणाल्या आणि त्यालाच गोळी लावून आत सरकवला.

आमच्यापर्यंत ती गोळी पोचत नाही. आमच्याकडे येईपर्यंत संगणक कवटी, कान, नाक, सगळं सोलून टाकतो आणि नुसता मेंदू धाडतो, उकडलेल्या अंड्यासारखा. सालासकट फोटो काकूंकडेच राहतात. साल म्हणजे चेहरा. पोपटाचं नाक मी हजारात ओळखलं असतं.

दुपारी पोपट ‘जरा जाऊन येतो’ म्हणून उठला. तो दिसेनासा होताच मी जिन्याकडे पळालो. दोन-दोन पायऱ्या उतरत तळघरात पोचलो, काकूंचं दार ढकललं. आत पोपट उभा होता.

‘तू इथे?’ दोघंही एकदम म्हणालो.

‘मी टेप न्यायला आलो,’ पोपट म्हणाला.

‘मीपण टेपच.’

काकूंनी चष्म्यावरून आधी त्याला पाहिलं, मग मला. ‘दोघांना एक टेप पुरेल की भांडणार?’

कुणीच टेप घेतली नाही. मशीनच्या खोलीतून टक, टक, टक आवाज येत होता. ते बंद असतानाही बोलत असतं. माझा पाय जमिनीवर त्याच तालात आपटायला लागला.

‘तुम्ही दोघं सकाळपासून काय करताय?’ काकू म्हणाल्या. ‘वर कपाट हलवल्याचा आवाज दोनदा आला. मावशी सांगत होत्या, तुम्ही खुर्चीभोवती फिरताय.’

‘काकू, तुम्ही जरा बाहेर जाता का?’ मी म्हणालो. ‘मला याच्याशी बोलायचंय.’

‘ही माझी खोली आहे रे.’

‘मलाच याच्याशी बोलायचंय,’ पोपट म्हणाला.  ‘हे बघ, तू बस. काकू, त्याला स्टूल द्या. हे बघ लेका, मी नियम मोडतोय. मोडू दे. सोमवारपर्यंत माझ्याने गप्प बसवणार नाही. मी सकाळी लवकर आलो होतो. एक मेंदू उघडला. त्यात… म्हणजे डॉक्टर बघतीलच, काही नसेलही…’

‘तू उघडलास?’ मी ओरडलो. ‘सकाळीच? म्हणजे माझ्या आधी? आणि मी दिवसभर वायरी उपसतोय!’

‘वायर तू उपसलीस?’

‘मग वीज गेली म्हणून तू हो का म्हणालास?’

‘तुझ्या मनाविरुद्ध बोलायचं नाही असं ठरवलं होतं मी! आजारी माणसाला…’

‘आजारी कोण?’

‘तू!’

‘मी? अरे बाबा, तो तुझा आहे!’

काकूंनी हातातली टेप खाली ठेवली.

‘माझा कसा?’ पोपट म्हणाला. ‘माझा हात तुझ्या मेंदूवर बसलाय. तीन आठवडे दुसरं काही बघितलं नाही मी. डावीकडे वरचा चर दोन ठिकाणी तुटतो. मध्ये तिरपी घडी. मी तिला पायरी म्हणतो. अख्ख्या संस्थेत पायरी फक्त तुला आहे!’

‘पायरी नाही ती, फळी! आणि ती तुला आहे. उजवीकडे!’

‘डावीकडे!’

‘उजवीकडे! मी आज सकाळी माझ्या डोळ्यांनी…’

आणि मग दोघंही एकदमच थांबलो. त्याची स्क्रीन उलटी. माझी सुलटी. चित्रावर अक्षर नाही, म्हणजे मशीनने ते कुठल्या बाजूने काढलंय हे दोघांनाही ठाऊक नाही. एकच मेंदू, एकच डाग. त्याच्या टेबलावर डावा झाला, माझ्या टेबलावर उजवा. त्याने त्यात मला ओळखलं, मी त्याला. तीन वर्षं आम्ही शेजारी बसून एकमेकांच्या चुका काढत होतो, आणि दोघांच्याही डोक्यात तोच वेडावाकडा चर होता, एकाच्या उजवीकडे तर दुसऱ्याच्या डावीकडे. ज्याचं त्याला सांगायचं नाही, एवढा एकच नियम आम्ही नीट पाळला होता.

दिवसभर आम्ही दोघं एकमेकांच्या शोकसभेत होतो.

‘केळं,’ मी म्हणालो.

‘हो,’ पोपट म्हणाला. ‘आणि तो कवटीचा विनोद. मला वाटलं, झालं, पसरलंय. डागाने माणूस फालतू विनोद करायला लागतो, असं वाचलंय मी.’

‘मी रोज फालतू विनोद करतो.’

‘तेच म्हणतो मी. कधीपासून असेल कोण जाणे.’

‘म्हणजे दोघांपैकी एकाचा आहे,’ काकू म्हणाल्या. त्यांना कुठल्याही गोष्टीत थांबून राहायला आवडत नाही. ‘नंबर सांगा.’

पोपटाने सांगितला. काकूंनी सालासकटचा फोटो शोधायला घेतला. संगणकावर एक लहान चक्र फिरायला लागलं. आम्ही दोघं काकूंच्या खुर्चीमागे उभे. पोपटाने माझी बाही धरली होती, की मी त्याची, आता आठवत नाही. पण कुणाची तरी शिवण उसवली.

‘गोळी ज्या बाजूला, ते उजवं,’ पोपट पुटपुटला. ‘डाग गोळीच्या बाजूला असला तर मी. पलीकडे असला तर तू.’

‘तुझा नसू दे,’ मी म्हणालो. हे मी अगदी मनापासून म्हणालो. ते वाक्य अर्ध्यावर आल्यावर कळलं की त्याचा दुसरा अर्धा भाग काय होतो.

‘तुझाही नसू दे,’ पोपट म्हणाला.

‘एकाचा तर आहेच रे गाढवांनो,’ काकू म्हणाल्या, पण त्यांचा माऊसवरचा हात थांबला होता. ‘उघडू?’

मला पळून जावंसं वाटत होतं. जिना, पार्किंग, रस्ता, रस्त्याच्या पलीकडे जे काही असेल ते. पायाने तर सुरुवातही केली होती, बाकीचा मी तिथेच राहिलो होतो.

‘उघडा,’ मी म्हणालो.

आधी चेहरा आला. डोळे मिटलेले, करडा, दगडात कोरल्यासारखा. नाक पोपटाचं नव्हतं. ते नाक आमच्या घरात तिघांना आहे. आजीला होतं, ताईला आहे. नाकावर निकाल लागला होता, पण काकू पद्धतशीर बाई. त्यांनी मेंदूचे पातळ काप एकेक करत सरकवले आणि बरोबर जागेवर थांबल्या. एका कानशिलावर गोळी लखलखत होती, आणि पलीकडच्या बाजूला, फळीच्या खाली, तो वाटाणा.

काकूंनी चष्मा काढला. 

‘पायरी म्हण हवं तर,’ मी त्याला म्हणालो. ‘फळीपेक्षा बरं आहे. तुझं बरोबर होतं.’

आमच्या भांडणांत हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. पोपटाने माझी बाही सोडली आणि हमसून हमसून रडायला लागला. काकूंनी त्याला टेप दिली. रुमाल सापडत नव्हता म्हणून.

मग त्यांनी मॅडमची वाट न बघता वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. ‘नियम काय तो मी सोमवारी बघते,’ एवढंच त्या मॅडमच्या फोनच्या निरोप घेणाऱ्या यंत्राला सांगून मोकळ्या झाल्या. डॉक्टरीणबाई तासाभरात खाली आल्या. त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं, मला बोटं मोजायला लावली, एका पायावर उभं केलं, हातोडीने गुडघ्यावर ठोकलं. कुठल्या गोष्टी विसरता का, विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही. पोपटाने मागून ‘डॉक्टर, तो नेहमीच असा आहे, हे लक्षण धरू नका’ म्हणून हात जोडले.

कडा गुळगुळीत आहेत, त्या म्हणाल्या. आजूबाजूला सूज नाही. जन्मापासून असेल, लहानपणी पडल्याची खूणही असेल, कदाचित. पुढच्या आठवड्यात औषध टोचून पुन्हा फोटो काढू, आणि मग तीन महिन्यांनी. तोवर पळापळ करू नका.

‘कदाचित’ हा शब्द त्या फार सहज बोलल्या. मी तो घेऊन वर आलो. त्याला कुठे ठेवावं समजेना. खुर्चीवर बसलो तर तो उठायला लावायचा. खिडकीशी गेलो तर परत आणायचा. दिवसभरातलं एकेक आता नव्याने दिसायला लागलं. वायर उपसली ती मी. कपाट दोनदा हलवलं ते मी. मॅडमचा चष्मा पुसला तोही मीच. पोपटाच्या नावावर मी दिवसभर जेवढ्या नोंदी केल्या होत्या, त्या सगळ्या पत्ता बदलून माझ्याकडे आल्या.

‘या डागाला नाव ठेवायला हवं,’ पोपट म्हणाला. त्याच्या नाकाला टेपचा तुकडा चिकटलेला होता. ‘पुस्तकात नाही म्हणून काय झालं.’

‘भाडेकरू,’ मी म्हणालो.

त्याने विचार केला. ‘भाडेकरू. आणि मॅडमकडे न जाता मी सहमत आहे.’

संध्याकाळी ताई न्यायला आली. ती गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक तिच्या. पाच वर्षं ती मला शिकवतेय, आणि तिच्या मते मी तिचा सगळ्यात जुना विद्यार्थी आहे, पुरातन वस्तू या अर्थाने. मला स्टिअरिंगवर बसवून ती शेजारी बसली.

‘आरसा बघ. पट्टा लाव. निघ, शहाण्या.’

निघालो. पाय थरथरत होता, गाडी त्याच्याबरोबर उचक्या देत होती.

‘क्लच! तुला आज झालंय काय? पाय आहे का शिवणयंत्र?’

पोपटाला ‘तो तुझा आहे’ सांगायला किती सोपं वाटलं होतं मला दुपारी. म्हणजे सोपं नव्हतं, पण शब्द तरी सापडत होते. दुसऱ्याचं दुःख सांगायचं म्हटलं की माणसाला भाषा येते.

‘ताई, मी लहानपणी कधी डोक्यावर पडलो होतो का?’

‘कितीदा! माळ्यावरून, सायकलवरून, एकदा तर नुसता उभा असताना. का?’

‘कशाने पडलो सगळ्यात जोरात?’

‘माळ्यावरून. मीच ढकललं होतं तुला. पेन्सिली चोरल्या होत्यास.’ मग तिचा आवाज बदलला. ‘का विचारतोयस?’

‘तुझ्यावर ढकलता येईल का बघतोय. माझ्या डोक्यात एक डाग निघालाय. वाटाण्याएवढा. डॉक्टर म्हणतात, जुना असेल. कदाचित.’

तिने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी भर रस्त्यात थांबली. मागे हॉर्न वाजायला लागले. एकाने बाजूने जाताना आमच्या शिकाऊ पाटीचा उद्धार केला. ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही. एरवी तिने खाली उतरून त्याला नियम शिकवले असते.

‘कुठल्या बाजूला?’ तिने विचारलं.

‘डाव्या.’

‘तुझ्या डाव्या, की समोरून बघणाऱ्याच्या?’

आयुष्यभर ती शिकाऊ लोकांना हेच विचारत आली आहे. मला कधी उत्तर आलेलं नाही. ‘माझ्या,’ मी म्हणालो. ‘काकूंनी गोळी लावून बघितलंय.’

तिने हात उचलला आणि माझ्या कपाळाच्या डाव्या बाजूला, केसांच्या खाली, तळवा टेकवला. ताप बघताना ठेवतात तसा. बरोबर जागा होती. तिला कुणी दाखवली नव्हती. हात गार होता.

‘माळ्यावरून पडलास तेव्हा इथेच टेंगूळ आलं होतं,’ ती म्हणाली. ‘एवढं. आईला आपण सांगितलं नव्हतं.’

‘मग तेच असेल.’

‘तेच असू दे,’ ताई म्हणाली. स्वतःचा गुन्हा सिद्ध व्हावा म्हणून एवढी आस लावलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. ‘पुढच्या फोटोच्या वेळी मी येणार आहे. आणि ती गोळी मी लावणार.’

‘काकू लावू देणार नाहीत.’

‘बघते कशी देत नाही ते.’ तिने हात काढला, डोळे पुसले, आणि मागच्या हॉर्नवाल्यांकडे आरशातून एक नजर टाकली. ‘निघ आता. आणि डावीकडे वळायचंय तर उजवा दिवा का लावून ठेवलायस मघापासून?’

मी दिवा बदलला. पाय अजून हलत होता. तिने ब्रेकवरचा पाय काढला नव्हता.